कंदीलवाल्याचा चाळिसावा मजला

व्हिडिओ गेम खेळणाऱ्या माणसाने बैठकीचं इतिवृत्त लिहू नये असा कायदा कुठेच नाही, आणि दादाने या सवलतीचा चाळीस वर्षं पुरेपूर फायदा घेतला होता. त्याच्या कपाटात नऊ जाड वह्या होत्या. प्रत्येक वहीवर लाल शाईत 'सर्वोत्तम दहा' असं लिहिलेलं, आत दरवर्षीची यादी, आणि प्रत्येक यादीखाली दोन सह्या. पहिली सही दादाची, लपेटेदार, अर्धं पान खाणारी. दुसरी त्याच्या धाकट्या बहिणीची, जिला तो बारकी म्हणायचा. बारकी आता पन्नाशीला टेकली होती. मोठ्या इस्पितळात ती ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर होती आणि तिने नुसतं बघितलं तरी भलेभले सर्जन निमूटपणे परत हात धुवायला जात. पण वह्यांमध्ये ती 'सदस्य, बारकी' एवढीच होती. अध्यक्ष, चिटणीस आणि शाईच्या बाटलीचे रक्षक ही तिन्ही पदं दादाकडे होती.

दादा नोकरीला वजनमापं खात्यात निरीक्षक. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानादुकानांत जायचं, काटे तपासायचे, काटा खरा निघाला तर शिक्का मारायचा आणि खोटा निघाला तर पंचनामा. "साहेब, दोन ग्रॅमचा तर फरक आहे," असं एखादा दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला, की दादा चष्मा वर करून सांगायचा, "दोन ग्रॅम म्हणजे दोन ग्रॅम. 'तर' कशाला?" एवढा कडक माणूस घरी कसा असेल असं कुणालाही वाटेल. घरी तो याहून कडक होता, फक्त तिथे त्याचं कुणी ऐकत नसे. ऐकायची ती बारकी, वर्षातून एक रविवार.

त्या रविवारच्या बैठकीला नियमावली होती. कलम एक, जो खेळ शेवटपर्यंत पूर्ण केला नाही त्यावर मत देता येणार नाही. कलम दोन, फोनवरचा खेळ हा खेळच नव्हे. कलम तीन, दोन्ही सह्या असल्याशिवाय यादी ग्राह्य नाही. अशी पुढे एकवीस कलमं होती, त्यांतलं एक फक्त चहा कितव्या नंबरनंतर यावा याबद्दल होतं.

यादी तरी काय, ऐका. दहाव्या नंबरवर साप, जुन्या काळ्या-पांढऱ्या फोनवर दाणे खाऊन लांबत जाणारा. आता कलम दोनप्रमाणे तो यादीत यायलाच नको होता. पण त्या फोनला बटणं होती, सबब तो फोन नसून यंत्र होतं, असा निवाडा अध्यक्षांनी दिला. सहा वर्षांपूर्वी बारकीने रंगीत दोऱ्यांचा गुंता सोडवायचा एक खेळ सुचवला होता, तो मात्र बटणं नसलेल्या फोनवरचा म्हणून दोन मिनिटांत फेटाळला गेला. आठव्या नंबरवर पडणारे ठोकळे. दादा टायपिंग शिकायला म्हणून कॉम्प्युटर क्लासला जायचा त्या काळातले. त्याला आजही दोन बोटांनी टाईप करावं लागतं याचं कारण ते ठोकळे. सहाव्यावर शहर वसवायचा खेळ. त्यात दादाने असे काही नियम लावले होते की लोक बिऱ्हाडं उचलून चालते झाले, आणि हा दोष खेळ बनवणाऱ्यांचा असल्याची नोंद इतिवृत्तात आहे. दुसऱ्या नंबरवर घोडेस्वाराचा खेळ, अलीकडचा, एकशे दहा तासांचा. तो चालू असताना वहिनीने एकदाच तोंड उघडलं. "घोड्याला तीनदा पाणी पाजून झालं असेल तर कुंड्यांना एकदा घाला," ती म्हणाली.

दहा ते दोन या जागांवरून दरवर्षी वादावादी व्हायची. म्हणजे दादा दोन्ही बाजूंनी बोलायचा आणि बारकी शेवटी जिकडे चहा लवकर येईल तिकडे मत द्यायची. पहिला नंबर मात्र चाळीस वर्षांत तसूभरही हलला नव्हता. तिथे कंदीलवाला होता.

मावशीच्या घरी मावसभावाकडे टीव्हीला जोडायचं एक यंत्र होतं आणि त्याची एकुलती एक कॅसेट. तिच्यावरचा कागद अर्धा फाटलेला, उरलेल्या अर्ध्यावरची लिपी घरात कुणालाच वाचता येत नव्हती. म्हणून खेळाला नाव दिलं ते मुलांनीच. हातात कंदील घेतलेला एक ठेंगणा माणूस, एक उंच मनोरा, मजल्यागणिक विझलेले दिवे. दिवे लावत वर चढायचं. वटवाघळं यायची आणि लावलेले दिवे विझवून जायची. मजले चाळीस.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण दादा ती स्वतःहून कधीच सांगणार नाही. दादाने कंदीलवाला पूर्ण केला नव्हता. सुट्टीच्या शेवटच्या दुपारी, सगळे जेवायला मागच्या अंगणात बसलेले असताना, बारा वर्षांचा दादा सदतिसाव्या मजल्यावर पोचला आणि वटवाघळांच्या तावडीत सापडून खलास झाला. बाहेर सामान बांधून तयार होतं. तो तोंड पाडून दाराशी आला, तर तिथे नऊ वर्षांची बारकी डोळे विस्फारून उभी. "दादा, झाला?" तिने विचारलं. आणि दादाच्या तोंडून निघून गेलं, "झाला."

तिथेच थांबला असता तरी भागलं असतं. पण बारकीने विचारलं, "मग शेवटी काय झालं?" आणि दादाची जीभ जी सुटली ती सुटलीच. म्हणे, राजा स्वतः बाहेर आला. म्हणे, त्याने कंदीलवाल्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. ढोल वाजले. पडदा भरून सोन्याचे दिवे लागले. बारकी तोंडाचा आ करून ऐकत राहिली. त्याच आठवड्यात पहिली वही निघाली आणि पहिलं कलम लिहिलं गेलं, पूर्ण केल्याशिवाय मत नाही. या कलमामागचा हेतू सरळ होता. बारकी काही या जन्मी चाळिसाव्या मजल्यावर पोचत नाही, तेव्हा विचारणारं कुणी उरत नाही.

बारकी पुढच्याच सुट्टीत पोचली. अकरा दिवस ती त्या टीव्हीसमोरून हलली नाही. बाराव्या दिवशी अंगठ्याला पट्टी गुंडाळून गच्चीवर आली आणि म्हणाली, "झाला."

अवसान आणून दादाने विचारलं, "मुकुट?"

बारकीने खाली बघितलं. "हो."

"आणि ढोल?"

"हो, ढोल पण."

दादाचा जीव असा काही भांड्यात पडला की विचारू नका. म्हणजे मुकुट होता! अंधारात मारलेला तीर नेमका लागला होता. राजा आपल्या डोक्यातून निघाला तो खरोखरच त्या मनोऱ्यात राहत होता, आणि आता तर साक्षीदारही हजर. त्या दिवसापासून दादाचं मन जे निर्धास्त झालं ते आजतागायत. तीन मजले राहिले होते खरे, पण शेवट आपण सांगितला तसाच निघाला, मग सदतीस काय नि चाळीस काय? दोन ग्रॅमवर पंचनामा करणारा माणूस तीन मजल्यांच्या बाबतीत इतका दिलदार होता.

पुढे इंटरनेट आलं, जुन्या खेळांचे शेवट घरबसल्या दिसायला लागले, पण कंदीलवाला कुठेच सापडेना. सापडणार कसा? खऱ्या नावाने शोधायचा तर नाव कुणाला ठाऊक होतं? मावसभावाने ते यंत्र केव्हाच भंगारात दिलं होतं. कंदीलवाला आता फक्त दोन डोक्यांत उरला होता.

आणि नेमकं तेच दादाच्या पथ्यावर पडलं. एका संस्थेने 'खेळांची चार दशकं' असं मोठं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, साध्यासुध्या माणसांकडून त्यांच्या आवडत्या खेळांच्या याद्या मागवल्या. प्रदर्शनवाल्या बाईंकडे पाचशेच्या वर याद्या आल्या आणि बहुतेकांत तेच ते खेळ. एकाच यादीत कुणी न ऐकलेला खेळ पहिल्या नंबरवर होता. बाई हरखून गेल्या. दादाची यादी प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर, दोन पुरुष उंचीच्या फलकावर लागायची ठरली. पहिल्या नंबरचा मजकूर दादाने सतरा वेळा खोडून अठराव्यांदा लिहिला. "त्या दुपारी राजाने माझ्या मस्तकी मुकुट ठेवला, आणि मला उमगले की जिद्दीने वर चढणाऱ्याला शेवटी त्याचे फळ मिळतेच." बाईंनी हे वाक्य सर्वांत मोठ्या अक्षरांत घेतलं.

दादा आठवडाभर हवेत होता. कचेरीत साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना सांगून झालं. काटे तपासता तपासता त्याने तीन वाण्यांना आणि एका भाजीवाल्याला फलकाची उंची सांगितली. भाजीवाल्याचा काटा चार ग्रॅमने मागे होता. त्याने मुकुटाची गोष्ट दोनदा ऐकून घेतली आणि त्या दिवशी त्याचा पंचनामा झाला नाही. सोमवारी मजकूर छापायला जाणार होता. कलम तीनप्रमाणे तेवढी बारकीची सही राहिली होती, आणि ती रविवारच्या बैठकीत होणारच होती.

रविवारी अकराच्या ठोक्याला दादा बारकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी हजर झाला. काखेत नववी वही, हातात फलकाच्या मजकुराची गुंडाळी. बारकी जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी, नवरा कामाच्या दौऱ्यावर, त्यामुळे घरात शांतता होती.

"गणसंख्या पूर्ण आहे," दादाने जाहीर केलं. "नंबर दहा. साप ठेवावा की काढावा?"

"ठेव."

"नंबर नऊ?"

"तोच."

"आठ? ठोकळ्यांना सातवर घ्यावं असा माझा..."

"घे."

दादा थबकला. एरवी आठ आणि सातमध्ये तासभर सहज जायचा. "अगं, थोडी चर्चा तरी कर. इतिवृत्तात लिहू काय मी?"

"लिही, चर्चेअंती एकमताने," बारकी म्हणाली आणि एक शेंग उघडून दाणे वाडग्यात सोडले. अर्ध्या तासात दहाच्या दहा नंबर मंजूर झाले. दादाने गुंडाळी उलगडून तिच्यापुढे ठेवली. तिने हात पुसले आणि न वाचताच खाली सही केली.

"वाचलं नाहीस?"

"तू लिहिलंयस ना, मग चांगलंच असणार. आणि दादा, एक सांगायचंय. ही माझी शेवटची बैठक."

दादाने पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "राजीनाम्याची तरतूद नाहीये नियमावलीत."

"मग तरतूद कर आणि लगेच मंजूर कर. मी बाजूने मत देते."

"मस्करी करू नकोस, बारके. झालं काय? माझं काही चुकलं का?" हे विचारताना दादाचा आवाज जरा चिरकला. त्याचं कारण असं, की या बैठकीखेरीज बहीणभावांचं बोलणं वर्षभरात फारसं व्हायचं नाही. झालंच तर कुणाचं रक्त तपासायचं आणि कुठे, एवढ्यापुरतं. वह्या गेल्या तर आपल्याला हिच्या घरी यायला काही निमित्तच उरणार नाही, हे त्याला लख्ख दिसलं आणि तो घाबरला.

"तुझं काय चुकायचंय? मलाच हे कधी जमलं नाही रे. तुझ्या सहीखाली दुसरी सही पाहिजे म्हणून मी आपली बसते. गेली सहा वर्षं घोडेबिडे जे काय आहेत ते मी पुरे केलेलेच नाहीत. इस्त्री करता करता दुसऱ्या कुणी खेळलेलं बघते फोनवर."

एरवी या कबुलीवर दादाने तिथल्या तिथे चौकशी समिती नेमली असती. आज तो म्हणाला, "ते सोड. जमलं नाही कसं म्हणतेस? दहाव्या वर्षी तू कंदीलवाला संपवलास! अकरा दिवसांत!"

बारकी हसली. "तो होय? आता शेवटचीच बैठक आहे, तर सांगून टाकते. तू ओरडणार नसशील तर."

"बोल."

"मला मुकुट मिळाला नव्हता."

दादाला आधी काही कळलंच नाही.

"चाळिसाव्या मजल्यावरचा शेवटचा दिवा लावला," बारकी मटार सोलतच सांगत होती, "आणि पडदा काळा झाला. मधोमध इंग्रजीत दोन शब्द आले, जिंकलात वगैरे काहीतरी. आणि परत पहिला मजला. राजा नाही, ढोल नाही. मला वाटलं, मी फार हळू खेळले, किंवा मधे एखादा दिवा राहिला. तुला एवढं सगळं दिसलं आणि मला नुसता काळा पडदा. कसं सांगणार तुला? म्हणून हो म्हणाले. मग तू बाहेर गेलास की गुपचूप परत चढायचे. आणखी तीनदा चढले मी त्या सुट्टीत, चाळीसच्या चाळीस. दर वेळी तेच."

दादाच्या डोक्यात काटा हलला आणि स्थिर झाला. हिने चार वेळा शेवट पाहिला आणि चारही वेळा काळा पडदा. आपण एकदाही पाहिला नाही. म्हणजे राजा मनोऱ्यात नव्हताच. तो मागच्या दारात, सामान बांधलेलं असताना, बारा वर्षांच्या एका बढाईखोर पोराच्या तोंडात जन्मला आणि तिथेच मेला. चाळीस वर्षं ज्या साक्षीवर आपण निर्धास्त झोपलो ती साक्ष खोटी होती, आणि ती खोटी होती आपल्याचमुळे.

पण खरं सांगायचं तर दादाच्या मनात पहिला विचार आला तो फलकाचा. दोन पुरुष उंची. उद्या छपाई. त्याने पटकन हिशेब मांडला. लहानपणीची बाब आहे, ही स्वतःच हसत सांगते आहे, सही होऊन गेली आहे, कशाला उकरून काढायचं? वर्ष-दोन वर्षांनी, प्रदर्शन उठल्यावर, एखाद्या निवांत दिवशी सांगू. "जाऊ दे गं," तो म्हणाला. "पोरवयातल्या गोष्टी. एवढं काय त्यात!"

"तसं काहीच नाही," बारकी म्हणाली. "फक्त सवय लागली बघ एक. नर्सिंगला पहिली आले ना मी, तेव्हा हातात कागद घेऊन उभी होते आणि मनात काय, तर हे एवढंच? मुख्य सिस्टर झाले तेव्हाही तेच. अरे, पोरगी झाली तेव्हासुद्धा! तिला माझ्याजवळ आणून ठेवलं, मला रडू येत होतं, आनंदच झाला होता, आणि तरी आत कुठेतरी वाटत होतं की दुसऱ्या आयांना याच्या पुढेही काहीतरी दिसत असणार. आपण हळू पडलो, आपल्याला एवढंच आलं वाट्याला." ती पुन्हा हसली. "वेडेपणाच की नाही? पन्नास वर्षांची बाई मी!"

दादाला ते हसणं सहन होईना. ही पोरगी चार वेळा चाळीस मजले चढली होती, आणि आपण, सदतिसाव्यावर मेलेलो, हिच्या उरावर अध्यक्ष म्हणून बसलो होतो.

"बारके," तो म्हणाला, "मुकुट नव्हता."

"तेच तर म्हणतेय मी."

"तसं नाही. कुणालाच नव्हता. राजा नव्हता, ढोल नव्हते. मी सदतिसाव्यावर मेलो त्या दिवशी."

बारकीचा हात शेंगेवर तसाच राहिला. "मग राजा कुठून आला?"

"मी आणला."

"आणि मी हो म्हणाले तेव्हा?"

"मला वाटलं, माझं खरंच निघालं."

बारकी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. दादाला बसल्या जागेवरून तिची पाठ दिसत होती. ती हात धूत होती, थिएटरमध्ये धुतात तसे, कोपरापर्यंत, एकेक बोट वेगळं करून, आणि ते धुणं काही संपेना. दादाच्या पुढ्यात मजकुराचा कागद पडला होता. 'जिद्दीने वर चढणाऱ्याला शेवटी त्याचे फळ मिळतेच.' हे वाक्य आपण लिहिलं याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने कागद पालथा घातला.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. "चार वेळा, दादा! अंगठ्याची सालटी निघाली होती. आई मलम लावताना विचारायची, एवढं काय आहे गं त्या खेळात? मी सांगायचे, काही नाही. चाळीस वर्षं मला वाटत आलं की माझ्यातच काहीतरी कमी आहे, आणि तू तिकडे कलमं लिहीत बसला होतास!"

"चुकलं माझं. मी इतिवृत्तात जाहीर खेद..."

"चुलीत घाल ते इतिवृत्त!"

एवढ्यात टेबलावरचा दादाचा फोन वाजला. प्रदर्शनवाल्या बाई. छपाईवाल्याने सोमवारऐवजी आजच मजकूर मागितला होता आणि सही झाली का, एवढंच त्यांना हवं होतं. दादाने फोन हातात धरला आणि बहिणीकडे पाहिलं. ती खुणावेल, निदान मान तरी हलवेल, असं त्याला वाटलं होतं. तिने मान हलवली नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली. सही तर झालेली होती. एक 'हो' म्हटलं की झालं असतं.

"बाई," दादा म्हणाला, "पहिल्या नंबरचा मजकूर खोटा आहे. मी तो खेळ पुरा केलेला नाही आणि त्यात मुकुटबिकुट काही नाही."

पलीकडून बाई म्हणाल्या, "अहो, असं काय करता? मुकुट किती छान जमलाय! सगळ्या भिंतीची मांडणी त्यावर केलीय आम्ही. राहू द्या ना. तो खेळ तर कुठे मिळतही नाही म्हणता, मग तपासणारंय कोण?"

"मी," दादा म्हणाला. "तपासायचंच काम करतो मी." आणि त्या क्षणी त्याला तो भाजीवाला आठवला. उद्या सकाळी पहिल्यांदा त्याच्याकडे जायला हवं होतं.

"मग तिथे छापू काय? भोक राहील भिंतीवर!"

"ज्यांनी खेळ पुरा केलाय त्या इथेच आहेत. त्यांना विचारून सांगतो."

"विचारा, विचारा. पण पाच मिनिटांत द्या. मोजक्या ओळी. आणि शेवट जरा भव्य ठेवा म्हणावं, लोक फोटो काढतात तिथे!"

दादाने फोन ठेवला. मजकुराच्या पालथ्या घातलेल्या कागदाची पाठ कोरी होती, ती त्याने पुढे ओढली आणि पेन उघडलं. "सांग," तो म्हणाला. "मी लिहून घेतो."

"मी काय सांगू? मला कुठे येतं लिहायला!"

"लिहायला मी आहे. तू चढलीस, तू सांग."

बारकी खुर्चीवर बसली. वाडग्यातले मटार तिने उगाचच हाताने सारखे केले. मग हळूहळू बोलायला लागली. "कंदीलवाला. एका माणसाचा खेळ. चाळीस मजले, प्रत्येक मजल्यावर दिवे. वटवाघळं दिवे विझवतात, ते परत लावायचे." ती थांबली. "मी दहा वर्षांची असताना चार वेळा वरपर्यंत गेले."

दादाने लिहिलं. त्याचं अक्षर आज लपेटेदार येत नव्हतं.

"शेवटचा दिवा लावला की पडदा काळा होतो. दोन शब्द येतात. मग परत पहिला मजला सुरू होतो."

"पुढे?" दादाने विचारलं. "बाई म्हणत होत्या, शेवट जरा..."

"पुढे काही नाही. एवढाच आहे." बारकी त्या कागदावर वाकली. "थांब, अजून एक वाक्य घाल," ती म्हणाली. "सगळ्यांना एवढाच दिसतो."

दादाने ते वाक्य लिहिलं आणि कागद तिच्या हातात दिला. बारकीने तो वाचला, शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग इस्पितळात जिच्या नुसत्या नजरेला लोक टरकतात ती बाई तोंडावर हात घेऊन रडायला लागली, हुंदके देत, नाक ओढत, त्या सुट्टीत रडायचं राहून गेलेलं सगळं एकदमच.